‘आहे’चे इंग्रजी : जोडणारी क्रियापदे व विधानपूरक

चौथीच्या वर्गात ‘माझे वडील’ ह्या विषयावर इंग्रजीत पाच वाक्ये लिहावयास सांगितली, तर तपासणीला आलेल्या वह्यांतून साधारणतः तीन तऱ्हेची वाक्ये आढळतात. एक मुलगा लिहितो, “माय फादर फार्मर.” दुसरा लिहितो, “माय फादर इज फार्मर.” तिसरी मुलगी, बहुधा वर्गातील हुशार म्हणून गणली जाणारी, लिहिते, “माय फादर आर अ फार्मर.” तिन्ही वाक्यांवर लाल शाई फिरते, शेजारी शुद्ध वाक्य लिहिले जाते, मूल ते पाच वेळा उतरवून काढते आणि पुढील आठवड्यात तीच चूक पुन्हा करते. हे असे का होते ह्याचा विचार करताना मुलाच्या आळसावर किंवा मंदपणावर बोट ठेवण्याचा मोह शिक्षकाने आवरला पाहिजे. ह्या तिन्ही चुका मुलाने विचार करून केलेल्या आहेत. तो विचार मराठीचा आहे, एवढेच.

मराठीत “माझे वडील शेतकरी” एवढे म्हटले तरी वाक्य पुरे होते. “हा माझा भाऊ”, “ती आमची शाळा”, “गाव लहान, पण माणसे चांगली” अशी वाक्ये आपण दिवसभर बोलतो आणि त्यांत क्रियापद नाही ह्याची कोणाला आठवणही होत नाही. पहिल्या मुलाने हीच सवय इंग्रजीत नेली. दुसऱ्याला ‘इज’ आठवले, पण मराठीत ‘एक शेतकरी आहेत’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून ‘अ’ हे उपपद गळले. तिसऱ्या मुलीची चूक तर कौतुक करण्याजोगी आहे. तिने वडिलांना ‘आहे’ म्हटले नाही, ‘आहेत’ म्हटले. मराठीत वडील मंडळींसाठी आदरार्थी बहुवचन वापरतात. तेव्हा ‘आहे’ म्हणजे ‘इज’ आणि ‘आहेत’ म्हणजे ‘आर’ असे शिकलेल्या मुलीने वडिलांचा मान राखला आणि गुण गमावले. इंग्रजी क्रियापदाला आदर ठाऊक नाही. ते फक्त संख्या मोजते. वडील एक, म्हणून ‘इज’. हे एक वाक्य तिला समजावून सांगितले, तर पाच वेळा उतरवून काढण्याची शिक्षा देण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून सुरू होत असे. खेड्यातील कित्येक शिक्षकांनी स्वतः पाचवीनंतर, तेही भाषांतराच्या पद्धतीने इंग्रजी शिकलेले असते आणि आता सहा वर्षांच्या मुलांना ते शिकविण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. अशा शिक्षकांना इंग्रजीचे वाक्य आतून कसे बांधलेले असते हे उमगले, तर पाठ्यपुस्तकाबाहेरील वाक्यही धीराने बोलता येते. त्या बांधणीतील पहिला चिरा म्हणजे जोडणारे क्रियापद, म्हणजे लिंकिंग व्हर्ब, आणि त्याच्यापुढे येणारे विधानपूरक, म्हणजे सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट.

विधानपूरक हा शब्द शिक्षकांना नवा नाही. मराठी वाक्यपृथक्करणात कर्म, विधेयविस्तार आणि क्रियापद ह्यांच्या जोडीला त्याचा स्वतंत्र रकाना असतो. “रघू शेतकरी झाला” ह्या वाक्यातील ‘शेतकरी’ हा शब्द कर्माच्या रकान्यात घालणाऱ्या विद्यार्थ्याचा गुण कापला जातो, कारण रघूने शेतकऱ्यावर काही क्रिया केलेली नाही. नुसते “रघू झाला” म्हटले तर ‘काय झाला?’ हा प्रश्न उरतो. ती उणीव जो शब्द भरून काढतो तो विधानपूरक. इंग्रजीतही नेमके हेच आहे. भारतातील शाळांत अनेक वर्षे चाललेल्या नेसफील्ड ह्यांच्या व्याकरणात अशा क्रियापदांना ‘अपूर्ण विधान करणारी क्रियापदे’ ह्या अर्थाचे नाव दिलेले होते. रेन आणि मार्टिन ह्यांच्या प्रसिद्ध व्याकरणानेही तेच नाव पुढे चालविले. त्यांतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ. पुढे ‘बो जेस्ट’ ह्या 1924 सालच्या कादंबरीचे लेखक म्हणून ते जगभर गाजले. नव्या पुस्तकांत ‘लिंकिंग व्हर्ब’ हे सुटसुटीत नाव रूढ झाले आहे. नाव बदलले तरी वस्तू तीच आहे, म्हणून जुन्या पुस्तकावर शिकलेल्या शिक्षकाने गोंधळून जाऊ नये.

आता दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावी. “रघू ईट्स अ मँगो” आणि “रघू इज अ फार्मर”. दोन्हींत तीनच घटक दिसतात: आरंभी रघू, मध्ये क्रियापद, शेवटी एक नाम. फळ्यावर ती सारखीच दिसतात, परंतु पहिल्या वाक्यात वस्तू दोन आहेत. रघू वेगळा आणि आंबा वेगळा. आंबा संपेल, रघू राहील. दुसऱ्या वाक्यात माणूस एकच आहे. जो रघू, तोच फार्मर. पहिल्या वाक्यातील ‘मँगो’ हे कर्म होय, दुसऱ्यातील ‘फार्मर’ हे पूरक. लहान मुलांना ही गोष्ट बैलांच्या जुवावरून सांगता येते. जू स्वतः नांगर ओढीत नाही, पण दोन बैल एकत्र ठेवते. ‘इज’ हे तसेच आहे. ते स्वतः काही करीत नाही. डावीकडच्या शब्दाला उजवीकडच्या शब्दाशी बांधून ठेवते, आणि ते काढून घेतले तर दोन शब्द दोन दिशांना जातात. पहिल्या मुलाच्या “माय फादर फार्मर” ह्या वाक्यात जूच नाही.

पूरक हे नाम असेल तसेच विशेषणही असेल. “द वेल इज डीप”, “द बुलक इज ब्लॅक”, “अवर स्कूल इज स्मॉल” ह्या वाक्यांतील शेवटचा शब्द कर्त्याचा गुण सांगतो. येथे मराठी मुलाला एक सवलत मिळते आणि एक अडचणही येते. मराठीत विशेषण कर्त्याप्रमाणे रूप बदलते: विहीर खोल असली तरी मुलगा चांगला, मुलगी चांगली, मूल चांगले आणि मुले चांगली. इंग्रजीत ‘गुड’ हे कोणासाठीही बदलत नाही. ही सवलत. अडचण नामाची आहे. “ते शेतकरी आहेत” ह्यात ‘शेतकरी’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो, म्हणून मूल “दे आर फार्मर” असे लिहून मोकळे होते. इंग्रजीत मात्र कर्ता अनेक असतील तर नामरूपी पूरकही अनेकवचनी व्हावे लागते: “दे आर फार्मर्स”. आणि कर्ता एक असेल तर व्यवसाय दाखविणाऱ्या नामापूर्वी ‘अ’ किंवा ‘ॲन’ हवेच: “शी इज अ नर्स”, “ही इज ॲन इंजिनिअर”. ‘अ’ हा शब्द लहान असला तरी मराठी माध्यमाच्या मुलांच्या वह्यांत सर्वांत जास्त गळतो, म्हणून तोंडी सरावात ‘अ फार्मर’, ‘अ नर्स’, ‘अ टेलर’ असे जोडीनेच शब्द शिकवावे. सुटा ‘फार्मर’ शिकवूच नये.

नकाराच्या वाक्यात जू पुन्हा हरवते. “तो शेतकरी नाही” ह्यातील ‘नाही’ हा शब्द स्वतःच क्रियापदाचे काम करतो. त्याच्या जोडीला ‘आहे’ लागत नाही. त्यामुळे मूल “ही नॉट अ फार्मर” असे म्हणते. इंग्रजीतील ‘नॉट’ला हे सामर्थ्य नाही. ‘नाही’ म्हणजे ‘नॉट’ असे शिकविण्यापेक्षा ‘नाही’ म्हणजे ‘इज नॉट’, ‘नाहीत’ म्हणजे ‘आर नॉट’ असे जोडशब्द शिकविले तर ही चूक मुळातच उगवत नाही.

येथवर केवळ ‘असणे’ ह्या क्रियापदाचा, म्हणजे ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ ह्या कुटुंबाचा विचार झाला. पण जोडणारी क्रियापदे इतकीच नाहीत. ‘बिकम’ आणि ‘सीम’ ही दोन जवळजवळ नेहमीच जोडण्याचे काम करतात. त्यांखेरीज इंग्रजीत एक मोठा गट असा आहे की जो कधी क्रिया दाखवितो आणि कधी नुसता जोडतो. लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील ही ज्ञानेंद्रियांची क्रियापदे आणि ग्रो, टर्न, गेट, गो, फॉल, कीप, स्टे, रिमेन ही बदलाची किंवा टिकण्याची क्रियापदे त्या गटात येतात. विद्यार्थीच काय, शिक्षकही येथे अडखळतात. आणि मराठीची मदत सर्वांत जास्त मिळते तीही येथेच.

“मदर टेस्ट्स द मिल्क” आणि “द मिल्क टेस्ट्स सावर” ही दोन वाक्ये घ्यावी. इंग्रजीत दोन्हीकडे ‘टेस्ट्स’ हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र आपण पहिल्या ठिकाणी “आई दूध चाखते” असे म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी “दूध आंबट लागते” असे म्हणतो. चाखणे वेगळे आणि लागणे वेगळे. चाखणारी आई आहे; दुधाने काहीच केलेले नाही, ते नुसते आंबट आहे. मराठी मुलाच्या मनात हा भेद जन्मापासून पक्का असतो. इंग्रजीने जे एका शब्दात गुंडाळले आहे, ते मराठीने दोन शब्दांत उलगडून ठेवले आहे. ‘लुक’ला पाहणे आणि दिसणे, ‘स्मेल’ला वास घेणे आणि वास येणे, ‘फील’ला हात लावून बघणे आणि हाताला लागणे, ‘ग्रो’ला पिकविणे आणि होणे, ‘टर्न’ला फिरविणे आणि पडणे अशा जोड्या मिळतात. “द फार्मर ग्रोज कॉटन” म्हणजे शेतकरी कापूस पिकवितो. “द फार्मर ग्रोज ओल्ड” म्हणजे शेतकरी म्हातारा होतो. “द पॉटर टर्न्ड द व्हील” म्हणजे कुंभाराने चाक फिरविले; “द लीव्ह्ज टर्न्ड यलो” म्हणजे पाने पिवळी पडली. प्रत्येक जोडीतील पहिला मराठी शब्द क्रियेचा आहे, दुसरा जोडणारा. इंग्रजी वाक्याचा अर्थ मराठीत सांगताना मुलाच्या तोंडून आपोआप कोणता शब्द येतो, एवढे शिक्षकाने ऐकावे. “दूध आंबट चाखते” असे कोणतेही मूल म्हणणार नाही.

मराठीच्या भूतकाळात ह्याची आणखी एक खूण सापडते. “आईने दूध चाखले”, “शेतकऱ्याने कापूस पिकविला”, “कुंभाराने चाक फिरविले” ह्या वाक्यांत कर्त्याला ‘ने’ हा प्रत्यय लागला. “दूध आंबट लागले”, “शेतकरी म्हातारा झाला”, “पाने पिवळी पडली” ह्यांत तो लागला नाही. “शेतकऱ्याने म्हातारा झाला” हे कानालाच सोसत नाही. म्हणजे इंग्रजी वाक्याचे मराठी भूतकाळात भाषांतर केले आणि कर्त्याने ‘ने’ घेतला, तर इंग्रजी क्रियापदापुढील शब्द कर्म असण्याचा संभव फार आणि पूरक असण्याचा नाही. ही कसोटी मात्र तिसऱ्या पुरुषाच्या कर्त्यावरच लावावी, कारण ‘मी आंबा खाल्ला’ ह्यात ‘मी’च्या अंगावर ‘ने’ दिसत नाही. शिवाय ‘शिकणे’, ‘विसरणे’ ह्यांसारखी काही सकर्मक क्रियापदेही ‘ने’ घेत नाहीत. “तो धडा शिकला” असेच आपण म्हणतो. तेव्हा कसोटी उलट दिशेने चालवू नये.

इंग्रजी पुस्तकांत सांगितलेली कसोटी ह्याहून सोपी आहे आणि मुलांना तिची गंमत वाटते. शंका असलेले क्रियापद पुसून त्या जागी ‘इज’ किंवा ‘आर’ ठेवून पाहावे. “द मिल्क टेस्ट्स सावर” चे “द मिल्क इज सावर” झाले, अर्थ टिकला. “मदर टेस्ट्स द मिल्क” चे “मदर इज द मिल्क” झाले आणि आई म्हणजेच दूध ठरली! “द फार्मर इज कॉटन” हे फळ्यावर लिहिल्यावर वर्ग हसतो, आणि ज्या नियमावर वर्ग एकदा हसला तो नियम सहसा विसरला जात नाही. ही कसोटीही डोळे मिटून लावण्यासारखी नाही. “ही लिव्ह्ज इन सातारा” ह्या वाक्यात ‘लिव्ह्ज’च्या जागी ‘इज’ ठेवले तरी अर्थपूर्ण वाक्य मिळते, पण म्हणून ‘लिव्ह’ हे जोडणारे क्रियापद होत नाही. क्रियापदापुढे कर्त्याचे वर्णन करणारे विशेषण किंवा कर्त्याची ओळख सांगणारे नाम असेल तेथेच ही कसोटी खरी मानावी. स्थळ किंवा काळ असेल तेथे नाही.

ओघाने येथे एक वादाचा मुद्दा येतो. “द बुक इज ऑन द टेबल” ह्यातील ‘ऑन द टेबल’ला काय म्हणावे? ते कर्त्याचा गुण सांगत नाही, ठिकाण सांगते; पण ते गाळले तर वाक्य अधांतरी राहते. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद्-व्याकरणात वाक्याचे सात मूळ साचे मानले असून अशा वाक्याला पूरकाच्या साच्याहून वेगळा साचा दिलेला आहे. इतर कित्येक पुस्तके त्याला पूरकच म्हणतात. प्राथमिक शाळेत ह्या नावाच्या वादात शिरण्याची गरज नाही. ते वाक्य मुलाला बरोबर बोलता येणे पुरे आहे.

नामाभिधानापेक्षा ज्याचे परिणाम रोज वहीत दिसतात तो मुद्दा विशेषण आणि क्रियाविशेषण ह्यांच्या निवडीचा आहे. “शी सिंग्ज स्वीटली” हे बरोबर आणि “द साँग साउंड्स स्वीट” हेही बरोबर. पण “द साँग साउंड्स स्वीटली” हे चूक. का? पहिल्या वाक्यात गाण्याची क्रिया कशी होते ते सांगितले आहे, म्हणून क्रियाविशेषण आले. दुसऱ्यात ‘साउंड्स’ने काही केलेले नाही, त्याने गाण्याला त्याच्या गोडव्याशी जोडले, जेथे कर्त्याचे वर्णन तेथे विशेषण. मराठीत “ती गोड गाते” आणि “गाणे गोड वाटते” ह्या दोन्ही ठिकाणी ‘गोड’ हाच शब्द राहतो, त्यामुळे मराठी कान येथे मुलाला सावध करीत नाही. त्याहून अवघड गोष्ट “तो चांगला खेळतो” ह्या वाक्यात आहे. येथे ‘चांगला’ हा शब्द खेळण्याचे वर्णन करतो, पण रूप घेतो कर्त्याचे: तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते. साहजिकच मूल “ही प्लेज गुड” असे लिहिते. शिक्षकाने येथे विचारावे की चांगला कोण, मुलगा की खेळ? मुलगा चांगला असेल तर “ही इज गुड”. खेळ चांगला असेल तर “ही प्लेज वेल”. ह्याच ‘वेल’चे दुसरे रूप “आय ॲम वेल” ह्या वाक्यात भेटते. तेथे तो प्रकृती ठीक असल्याचे सांगणारे विशेषण आहे, म्हणून ते वाक्य नियमाला सोडून नाही.

‘लुक’च्या बाबतीत हा भेद फळ्यावर ठळक दाखविता येतो. “द टीचर लुक्ड अँग्री” म्हणजे गुरुजी रागावलेले दिसले. “द टीचर लुक्ड ॲट द बॉय अँग्रिली” म्हणजे गुरुजींनी मुलाकडे रागाने पाहिले. दिसणे आणि पाहणे. दुसऱ्या वाक्यात ‘ॲट’ आलेले आहे, हीसुद्धा एक खूण आहे.

आता मराठी माणसाची सर्वांत मोठी अडचण. भूक, तहान, राग, भीती, आनंद, झोप ह्या गोष्टी मराठीत माणसाकडे चालून येतात. “मला भूक लागली”, “मला राग आला”, “मला भीती वाटते”, “मला झोप येते” ह्या वाक्यांत क्रियापद ‘मी’ला ओळखतच नाही, भूक स्त्रीलिंगी म्हणून ‘लागली’, राग पुल्लिंगी म्हणून ‘आला’. माणूस बाजूला उभा राहतो आणि भावना कर्त्याच्या जागी बसते. इंग्रजीत हे उलटे होते. माणूस कर्ता होतो आणि भूक, राग, भीती ह्या विशेषणाच्या रूपाने पूरकाच्या जागी जाऊन बसतात: “आय ॲम हंग्री”, “आय गॉट अँग्री”, “आय ॲम अफ्रेड”, “आय ॲम स्लीपी”. शब्दाला शब्द लावून हे भाषांतर होणे शक्य नाही. पहिलीतील मूल ‘आय ॲम हंग्री’ हे अखंड वाक्य म्हणून उचलते, त्याला काही अडचण पडत नाही. अडचण येते ती चौथी-पाचवीत, जेव्हा ते स्वतः वाक्य जुळवू लागते आणि “टू मी हंगर” अशा वाटेने जाऊ पाहते. त्या वेळी ‘मला... लागली, आला, वाटते’ ह्या साच्याची दहा-बारा वाक्ये एकत्र घेऊन ती सर्व ‘आय ॲम’च्या साच्यात कशी बसतात हे एकाच तासाला दाखवावे. सुट्या सुट्या वाक्यांनी ते साधत नाही. “मला ताप आला आहे” हे वाक्य मात्र ह्या टोपलीतून बाहेर काढावे; त्याचे इंग्रजी “आय हॅव अ फीव्हर” असे होते.

‘हॅव’चे नाव निघाले म्हणून सांगावयाचे की मराठीचे प्रत्येक ‘आहे’ जोडणारे नसते. “मला दोन भाऊ आहेत” ह्याचे इंग्रजी “आय हॅव टू ब्रदर्स”. “गावात एक तळे आहे” ह्याचे “देअर इज अ पाँड इन द व्हिलेज”. “तो वाचत आहे” ह्याचे “ही इज रीडिंग”. पहिल्यात मालकी अथवा नाते आहे, दुसऱ्यात अस्तित्व. तिसऱ्यात ‘इज’ असले तरी ते ‘रीडिंग’ ह्या मुख्य क्रियापदाला साहाय्य करण्यासाठी आलेले आहे. तेथे जोडणे नाही. ‘आहे’ म्हणजे ‘इज’ हे समीकरण एकदा डोक्यात बसले की मूल “आय ॲम गो टू स्कूल” असेही म्हणू लागते, कारण “मी शाळेत जात आहे” ह्यात त्याला ‘आहे’ स्पष्ट ऐकू येते. पहिल्या मुलाने ‘इज’ गाळले, ह्याने नको तेथे घातले. दोघांचे दुखणे एकाच मुळाचे आहे.

‘अफ्रेड’, ‘असलीप’, ‘अलाइव्ह’, ‘अवेक’ ही विशेषणे थोडी चमत्कारिक आहेत. ती पूरकाच्या जागीच शोभतात. “द बेबी इज असलीप” असे म्हणता येते, पण ‘ॲन असलीप बेबी’ असे म्हणत नाहीत. तेथे ‘अ स्लीपिंग बेबी’ म्हणावे लागते. उलट, मराठीशी हुबेहूब जुळणारीही एखादी जोडी निघते. आपण ‘आजारी पडणे’ म्हणतो, इंग्रजीतही “ही फेल इल” असे म्हणतात.

वर्गात ह्या साऱ्याची सुरुवात व्याकरणाच्या नावांनी करू नये. गुळाचा खडा, चिंच, मीठ, कडुलिंबाचे पान, कापसाचे बोंड, दगड, एवढे साहित्य कोणत्याही खेड्यात फुकट मिळते. मुलाच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवून “द जॅगरी टेस्ट्स स्वीट” म्हणवून घ्यावे. चिंचेला ‘सावर’, मिठाला ‘सॉल्टी’, कडुलिंबाला ‘बिटर’. कापूस हातात देऊन “द कॉटन फील्स सॉफ्ट”, दगड देऊन “द स्टोन फील्स हार्ड”. जीभ आणि हात ह्यांनी शिकलेले विशेषण क्रियाविशेषण होण्याचा धोका फार कमी. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतील तर खालचा वर्ग वस्तू हाताळून वाक्य बोलेल आणि वरचा वर्ग तेच वाक्य वहीत लिहून त्यातील क्रियापद पुसून ‘इज’ ठेवून पाहील. साहित्य एकच, काम दोन इयत्तांचे. पूरक, कर्म ही नावे पाचवीपूर्वी उच्चारली नाहीत तरी काही बिघडत नाही.

सर्वनाम पूरकाच्या जागी आले तर काय करावे, हा प्रश्न काही शिक्षकांना जुन्या पुस्तकांमुळे पडतो. दारावर थाप पडली, “हू इज देअर?” असे विचारले, तर उत्तर “इट इज आय” असावे की “इट इज मी”? पूरक हे कर्त्याचेच दुसरे नाव असल्याने त्याची विभक्तीही कर्त्याची असावी, ह्या तर्काने जुने व्याकरणकार ‘आय’चा आग्रह धरीत. आज इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोक रोजच्या बोलण्यात “इट्स मी” असेच म्हणतात, आणि ‘आय’ अवघडल्यासारखे वाटते. मुलाने ‘मी’ लिहिले तर त्यावर लाल रेघ ओढू नये.

वरच्या वर्गांत “द व्हिलेजर्स मेड हिम सरपंच” अशा तऱ्हेची वाक्ये भेटतात. गावकऱ्यांनी त्याला सरपंच केले. येथे ‘हिम’ हे कर्म आहे आणि ‘सरपंच’ त्या कर्माचे पूरक. जो ‘हिम’, तोच सरपंच. मराठीत ‘त्याला’ ह्या शब्दातील ‘ला’ हे कर्माचे चिन्ह समोर असल्यामुळे हा प्रकार मुलांना वाटतो तितका कठीण जात नाही. पण कर्त्याच्या पूरकाचा सराव पुरता झाल्याखेरीज त्याला हात घालू नये.

जाता जाता स्पेलिंगविषयी. ‘कॉम्प्लिमेंट’ ह्या एकाच उच्चाराचे इंग्रजीत दोन शब्द आहेत. ‘पूर्ण करणारा’ ह्या अर्थाच्या शब्दात ‘एल’नंतर ‘ई’ हे अक्षर येते, जसे ‘कम्प्लीट’मध्ये येते तसे, ‘एल’नंतर ‘आय’ आले तर त्याचा अर्थ प्रशंसा असा होतो. पाठटाचणात आणि फळ्यावर ह्या दोहोंची सर्रास अदलाबदल होते.